बिंदाताई दाराकडे बघतात

त्यांचं खरं नाव ताबिंदा. त्याचं बिंदाताई झालं ते माझ्या आईमुळे. २००१ च्या हिवाळ्यात, इतक्या थंडीत येऊ नकोस असं हजारदा बजावूनही, ती पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्याकडे आली. तिसऱ्या दिवशी ती तळघरातल्या लाँड्री रूममध्ये कपडे घेऊन गेली आणि तासाभराने रिकाम्या बास्केटसकट वर आली. कपडे खालीच विसरली होती.

"अगं, खाली एक बाई भेटल्या," ती म्हणाली. "काय उंच, काय देखण्या! नाव विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ताई बिंदा. स्वतःच स्वतःला ताई म्हणवून घेतात, गंमतच आहे. नागपूरकडच्या असाव्यात. हिंदी फार छान बोलतात."

त्या लाहोरच्या आहेत आणि नाव ताबिंदा आहे, हे मी शेजारणीला फोन करून विचारलं आणि सांगितलं तेव्हा आईने हातातली बास्केट खाली ठेवली. तिच्या पिढीला लाहोर हे शहर फक्त बातम्यांतून माहीत. मग म्हणाली, "असू दे. आता ताई म्हटलंय ना मी." आणि कपडे आणायला पुन्हा खाली गेली. तिथून पुढे सात वर्षं आमच्या घरात त्या बिंदाताईच राहिल्या. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण दारावर टकटक केल्यावर "कोण?" असं विचारलं की बाहेरून उत्तर यायचं, "बिंदाताई." त्यात ताईवर असा काही जोर असायचा की पदवी मिळाल्यासारखं वाटावं.

माझी त्यांची पहिली भेटही त्या लाँड्री रूममध्येच झाली. माझी मुक्ता तेव्हा चार वर्षांची होती. ती एका मशीनवर चढून बसली आणि उतरता येईना म्हणून ओरडली, "आई!" पलीकडे एक बाई चादरीची घडी घालत होत्या. त्यांनी चादर तशीच सोडली आणि गर्रकन दाराकडे वळल्या. दारात कोणीच नव्हतं.

"कौन आई?" त्यांनी मला विचारलं.

मी मुक्ताला उतरवत मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की कोणी आलेलं नाही, आमच्या मराठीत आई म्हणजे अम्मी. त्यांनी चादर उचलली, टोकाला टोक जुळवलं आणि विचार करून म्हणाल्या, "अजीब ज़बान है आपकी. माँ को पुकारो तो वो पहले ही आ चुकी होती है."

त्या हसल्या, मीही हसले. ड्रायरच्या घरघराटातही त्यांचा आवाज न चढवता स्वच्छ ऐकू आला, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दाराकडे इतक्या झटकन का वळल्या, हा प्रश्न मला पडलाही नाही.

आई पुण्याला परतली आणि मुक्ताला दुपारी सांभाळायचा प्रश्न उभा राहिला. बिंदाताई समोरच्याच इमारतीत धाकट्या भावाकडे राहत होत्या; लाँड्री रूम दोन्ही इमारतींची एकच. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या, भावाने मागे लागून इथे राहायचे कागद भरले, आणि २००१ च्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर ते कागद कुठल्याशा टेबलावर जे जाऊन बसले ते बसलेच. निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं वकिलाने बजावलं होतं. गुडघा बरा झाला, बिंदाताई अडकल्या. त्यांनी आपण होऊन सांगितलं की तीन ते सहा मी तुमच्याकडे येऊन मुक्ताला सांभाळीन.

आमच्या घरात आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर खुर्ची हलवली. खिडकीपाशी, उजेड डाव्या गालावर पडेल अशी. ती तिथून हलवलेली त्यांना खपायची नाही. समीर, माझा नवरा, व्हॅक्यूम करताना एकदा ती सरकवून विसरला, तर त्या अर्धा तास उभ्याच राहिल्या. फोटो काढायचा तर डावीकडूनच. कारण विचारलं तेव्हा उजव्या भुवईजवळ बोट ठेवून त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढा एक व्रण दाखवला. स्टुडिओतला दिवा फुटून काच लागली होती. तेव्हापासून तीस वर्षं कॅमेरा डाव्या बाजूलाच.

अशा रीतीने मला कळलं की माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेली ही बाई सिनेनटी आहे.

त्यांनी सलग हकिकत कधीच सांगितली नाही. मटार सोलता सोलता, मुक्ताच्या वेण्या घालता घालता एकेक तुकडा निघायचा. सतराव्या वर्षी मैत्रिणीला सोबत म्हणून स्टुडिओत गेल्या आणि मैत्रीण राहिली बाजूला, यांनाच काम मिळालं. मोलकरणीचं. धावत यायचं आणि म्हणायचं, "बेगम साहिबा, बारात आ गई!" एवढंच. त्याला एकोणीस टेक लागले. "अठारह बार बारात दरवाज़े से वापस गई," त्या म्हणायच्या. पुढे बढती झाली ती दुसऱ्या नायिकेपर्यंत. म्हणजे पहिलीसाठी शेवटच्या पंधरा मिनिटांत मरणारी. गोळी लागून, विष खाऊन, क्षय होऊन, जिन्यावरून पडून. "मरने में मेरा कोई सानी नहीं था, बेटा." मग सिनेमे कमी झाले आणि त्या कराचीला टीव्हीच्या मालिकांत गेल्या. तिथे बत्तिसाव्या वर्षीच आई झाल्या, तीही वयाने चार वर्षं मोठ्या असलेल्या नायकाची. "मैं उसे 'मेरे लाल' कहती, और वो मेकअप रूम में जाकर अपने सफ़ेद बाल छुपवा आता." त्यानंतर पंधरा वर्षं त्या आईच राहिल्या. मालिका बदलत, मुलं बदलत, आई तीच. बाजारात भाजीवाले त्यांना अम्मी म्हणायचे.

मुक्तासाठी त्यांचा खास खेळ होता. खुर्चीत ताठ बसायच्या आणि विचारायच्या, "कौन सी आँख?" मुक्ता म्हणायची, "लेफ्ट!" आणि खरोखर फक्त डाव्या डोळ्यातून एक थेंब निघून गालावरून सावकाश खाली यायचा. उजवा डोळा कोरडा ठणठणीत. "कॅमेरा जिधर, आँसू उधर. दूसरी आँख का पानी क्यों ज़ाया करना?" मी एकदा बाथरूमच्या आरशासमोर हा प्रयोग करून पाहिला. नाकातून पाणी आलं.

त्यांनी मुक्ताला बेशुद्ध पडायलाही शिकवलं. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदा, डोकं सर्वांत शेवटी. मुक्ताने ही विद्या पहिलीत असताना गणिताच्या तासाला वापरली. शाळेतून फोन आला, मी मीटिंग सोडून गाडी दामटत पोचले, तर कन्यका नर्सच्या खोलीत सफरचंद खात बसलेली. संध्याकाळी मी तावातावाने बिंदाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुक्ताला विचारलं, "सर आख़िर में गिरा था न?" मुक्ताने मान हलवली. "फिर ठीक है," त्या मला म्हणाल्या. माझा राग कुठे ठेवावा हे मला कळेना.

शिकागोत आपल्याकडच्या दुकानांची एक लांबच लांब रस्ताभर रांग आहे. तिथे महिन्यातून एकदा आम्ही डाळ-तांदूळ आणायला जायचो. एकदा थंडीत बिंदाताई सोबत होत्या. अंगात भावाचा जाडजूड कोट, पायात बर्फाचे बूट, डोक्याला माकडटोपी. आम्ही एका व्हिडिओच्या दुकानात शिरलो. काउंटरमागचे म्हातारे गृहस्थ हिशोब लिहिता लिहिता थांबले आणि उभे राहिले. "गुस्ताख़ी माफ़. आप वही तो नहीं..."

"जी नहीं," बिंदाताई म्हणाल्या. "लोग अक्सर कहते हैं." आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या.

गाडीत त्यांनी माकडटोपी काढून कोटाच्या खिशात कोंबली. पुढच्या शनिवारी मात्र सकाळी नऊलाच तयार होऊन दारात उभ्या. निळसर साडी, लिपस्टिक, केस वर बांधलेले. आमच्याकडे डाळ, तांदूळ, सगळं होतं, तरी मी निमूट गाडी काढली. दुकानात त्या काउंटरसमोर डावा गाल पुढे करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पिछले हफ़्ते मैंने झूठ बोला था. मैं वही हूँ." त्या गृहस्थांनी आतून खुर्ची आणली, रुमालाने पुसली, आणि आम्ही तिथे दोन तास बसलो. येताना त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "किसी ने पहचाना, और मैं माकडटोपी में थी." 'माकडटोपी' त्यांनी मराठीतच म्हटलं. तो शब्द त्यांना आमच्याकडूनच मिळाला होता.

हे सगळं मजेचं होतं. पण दर रविवारी सकाळी दहाला त्या आमच्याकडे यायच्या ते मजेचं नव्हतं. त्यांना सादिया नावाची मुलगी होती. लाहोरला कॉलेजात शिकवायची. तिला फोन लावायला त्या आमच्याकडे यायच्या, कारण भावाच्या घरात चार मुलांचा गोंधळ. फोनकार्डावरचे बारीक आकडे त्यांना दिसायचे नाहीत आणि चष्मा लावायचा नाही असं व्रत होतं, म्हणून आकडे मी दाबायची, पुढे मुक्ता दाबू लागली. संभाषण तीन मिनिटांत आटपायचं. "कैसी हो? ... खाना खाया? ... अच्छा. ... अच्छा." फोन ठेवला की त्या खिडकीतल्या खुर्चीत बसून राहायच्या.

"येणार का ती?" मी विचारायची.

"वीज़ा नहीं मिला," त्या म्हणायच्या. पहिल्या वर्षी नाही मिळाला, दुसऱ्या वर्षी नाही मिळाला. मी हळहळायची. त्या दिवसांत पाकिस्तानातून येणं किती कठीण झालं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी आमच्या सगळ्या मित्रमंडळींना ही कर्मकहाणी सांगितली. समीरने तर कुणाकुणाला पत्रं लिहायची तयारी केली. बिंदाताई म्हणाल्या, "रहने दो, बेटा." मला वाटलं, संकोच.

आणि या काळात कधीही, मुक्ताने आतल्या खोलीतून "आई!" अशी हाक मारली की बिंदाताई दाराकडे बघायच्या. शब्दाचा अर्थ आता चांगला पाठ झाला होता, तरी मान वळायचीच. मग आपली चूक झाकायला त्या मुद्दाम मोठ्याने विचारायच्या, "कौन आई?" आणि मुक्ता आतून ओरडायची, "कोणी नाही!" दोघींचा तो ठरलेला खेळ होऊन गेला. मीही हसायची.

२००४ साली आमच्या महाराष्ट्र मंडळाने गणपतीत एक नाटक बसवलं. दिग्दर्शक जोशीकाका, तीस वर्षं अमेरिकेत राहून पुण्यातल्या एकाच नाटकाच्या आठवणीवर जगणारे. मला आईची भूमिका होती. नोकरीसाठी परगावी निघालेली, लहान मुलीला आजीकडे ठेवून. माझं जाण्याच्या प्रसंगातलं एकच वाक्य: "येते गं मी." मी ते हुंदके देत म्हणायची आणि जोशीकाका म्हणायचे, "व्वा, क्लास."

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम असायची. बिंदाताई मुक्ताला घेऊन मागे बसायच्या. एका रविवारी त्यांनी हात वर केला. जोशीकाकांना ते फारसं रुचलं नाही. गणपतीच्या नाटकात लाहोरच्या बाईंनी हात वर करायचा म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"बेटा, इस जुमले का मतलब क्या है?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे... आती हूँ."

"लेकिन तुम तो जा रही हो."

मग मी समजावलं. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. जाणारी बाई 'येते' म्हणूनच जाते. बिंदाताईंनी तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, "तो रो क्यों रही हो? जिसे वापस आना है वो रोती नहीं. वो चप्पल ढूँढती है."

मी तसं केलं. चपला शोधत शोधत, मुलीकडे न बघता, रोज दूध आणायला जाताना म्हणावं तसं म्हटलं, "येते गं मी." जोशीकाकांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. प्रयोगाच्या दिवशी पहिल्या दोन रांगांतल्या बायकांनी पर्समधून रुमाल काढले. चपलांची कल्पना आपलीच, असं जोशीकाका पुढे कित्येक वर्षं सांगत होते. सांगू देत.

पण मला आठवते ती त्या तालमीनंतरची परतीची वाट. मागच्या सीटवर मुक्ता झोपली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बिंदाताई समोर बघत म्हणाल्या, "मैं हर बार उसे सच बताती थी. 'जा रही हूँ.' कराची जा रही हूँ, शूटिंग पर जा रही हूँ. काश कोई मुझे तुम्हारा ये लफ़्ज़ सिखा देता."

मग त्यांनी सांगितलं. सादिया लाहोरला आजीकडे वाढली. ती सहा वर्षांची असताना टीव्हीवर एका मालिकेत बिंदाताई एका छोट्या मुलीला थोपटून झोपवतात असा प्रसंग होता. सादियाने तो आजीच्या मांडीवर बसून पाहिला. पुढच्या खेपेला बिंदाताई घरी गेल्या तेव्हा ती दारात आली आणि म्हणाली, "आप आ गईं?" अम्मी म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही. बोलणं सगळं अदबीनं, 'आप खाना खाएँगी', 'आप कब जाएँगी', पण ती हाक गेली ती गेलीच.

"सारा मुल्क मुझे अम्मी कहता था, बेटा. एक उसी ने छोड़ दिया."

"पण व्हिसा मिळाला की येईल ना ती," मी म्हटलं.

"वीज़ा?" त्या म्हणाल्या. "उसने तो फ़ॉर्म ही नहीं भरा. एक बार भी नहीं."

मला आधी राग आला. तीन वर्षं मी गावभर सांगत फिरले होते. मग लाज वाटली आपल्या रागाची. घरी पोचेपर्यंत मी रडत होते आणि मला काही एका डोळ्याने रडता येत नाही. त्या मात्र कोरड्या होत्या. उतरताना त्यांनी दार धरलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "येते."

पुढची तीन वर्षं तशीच गेली. कागद टेबलावर, फोन तीन मिनिटं. आम्ही मोठ्या अपार्टमेंटमध्ये गेलो, पण त्याच आवारात. बिंदाताईंची खुर्चीही आली, खिडकीही डावीकडूनच उजेड येणारी निघाली.

२००७ च्या डिसेंबरातला एक रविवार. मुक्ता दहा वर्षांची, आता इंग्रजीतच बोलणारी. तिने आकडे दाबले, पण बिंदाताई स्वयंपाकघरात माझ्यासोबत चहा गाळत होत्या, त्यामुळे पलीकडे फोन उचलला तेव्हा मुक्ताच बोलली. मला दारातून ऐकू येत होतं. बिंदाताईंना इंग्रजी जेमतेम, त्या कप विसळत होत्या.

"नो, आय ॲम मुक्ता. शी इज मेकिंग चाय," मुक्ता म्हणाली. मग थोडं थांबून, "यू नो, शी वेट्स फॉर यू. आय कॉल माय मॉम 'आई' अँड शी लुक्स ॲट द डोअर. एव्हरी टाइम... नो, इट जस्ट मीन्स मॉम. शी नोज दॅट. शी स्टिल लुक्स."

मी चहाचं भांडं हातात धरून उभी राहिले. आत जाऊन फोन काढून घ्यावा की काय, मला कळेना. बिंदाताई पदराला हात पुसत गेल्या, फोन घेतला. "कैसी हो? ... खाना खाया? ... अच्छा." तीन मिनिटं. नेहमीसारखीच.

दोन महिन्यांनी त्यांनी मला चपात्या लाटताना हळूच सांगितलं, "उसने फ़ॉर्म भरा है." या वेळी मी कोणालाही सांगितलं नाही. समीरलासुद्धा नाही.

२००८ च्या ऑगस्टमध्ये सादिया यायची होती गुरुवारी. आणि आम्ही नेपरव्हिल सोडून टेक्ससमधल्या प्लेनोला निघणार होतो शनिवारी, समीरची नवी नोकरी. घरात सगळीकडे खोकी. फक्त खिडकीतली खुर्ची मी बांधली नव्हती. ती बिंदाताईंकडे जाणार होती.

दुपारचं विमान होतं. बिंदाताई तीच निळसर साडी नेसल्या होत्या. विमानतळापर्यंत पाऊण तास त्या एकच वाक्य म्हणून बघत होत्या. "सफ़र कैसा रहा?" एकदा हसून, एकदा गंभीरपणे, एकदा अगदी सहज. "कौन सा?" त्या मला विचारत होत्या. मी म्हटलं, सहज. चपला शोधल्यासारखं. त्या म्हणाल्या, "अच्छा सीखी हो."

येणारे प्रवासी जिथून बाहेर पडतात तिथे त्या डावा गाल पुढे करून उभ्या राहिल्या. चष्मा अर्थातच नव्हता. दरवाजे उघडत होते, मिटत होते, ट्रॉल्या बाहेर येत होत्या, आणि त्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्या भलत्याच दरवाज्याकडे बघत होत्या. फोटोवरून ओळखलं ते मुक्ताने. आखूड केस, साधा सलवार कमीज, हातात एकच बॅग, तिशी ओलांडलेली एक बाई आमच्याच दिशेने येत होती. मी दोन पावलं मागे होते. मला दाखवायला म्हणून मुक्ता ओरडली, "आई!"

बिंदाताईंची मान वळली. सवयीने त्यांच्या तोंडून गेलंच, "कौन आई?"

मुक्ताने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. सादिया त्यांच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली होती. तिने आधी मुक्ताकडे पाहिलं, बहुधा आवाज ओळखला. मग स्वतःच्या आईकडे.

"आई," ती म्हणाली.

उर्दूत त्याचा अर्थ 'आले'. मराठीत काय, ते मुक्ताने तिला फोनवर सांगितलंच होतं. तिला त्यातलं नेमकं काय म्हणायचं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. सफ़र कैसा रहा हे विचारायचं बिंदाताई साफ विसरल्या. परतताना त्या दोघी मागे बसल्या होत्या. आरशात मला बिंदाताईंचा चेहरा दिसत होता, उजवी बाजूसुद्धा, व्रणाची, आणि पाणी दोन्ही डोळ्यांतून वाहत होतं. शनिवारी आम्ही निघालो तेव्हा दोघी फुटपाथवर उभ्या होत्या. मी काच खाली करून "येते" म्हटलं आणि मुद्दाम रडले नाही.

प्लेनोचं घर मोठं आहे. मुक्ताची खोली वरच्या मजल्यावर. शाळेतून आली की ती जिन्यावरूनच हाक मारते, "आई!" तिला ओ देण्याआधी मी दाराकडे बघते.